पहिल्या कम्युनियनचा पाहुणा आणि त्याचा पोषाख

आमच्या धर्मग्रामाच्या या मंगल महोत्सवानिमित्त संपादकांनीं चार शब्द मागितले, तेव्हां अनेक थोर विषय आमच्या मनांत येऊन गेले. मंदिराची उभारणी, धर्मगुरूंचे परिश्रम, भगिनींची सेवा, या सर्वांविषयीं अधिकारी लेखण्या याच स्मरणिकेंत लिहितील, अशी आमची खात्री आहे. म्हणून आम्ही एक लहानसा, घरगुती वाटणारा विषय निवडीत आहों. लेकराच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशीं पाहुण्यानें काय नेसून यावें, हा तो विषय होय.

विषय ऐकून कोणी हंसेल, तर त्यास आमची हरकत नाहीं. परंतु ज्या घरांत हा सोहळा झाला आहे, त्या घरच्या माणसांना ठाऊक आहे कीं आमंत्रण घेऊन शेजारीं गेलें असतां पहिला प्रश्न हाच येतो. “तुमच्या मंदिरांत आम्हीं यायचें खरें, पण काय नेसायचें? डोक्यावर पदर घ्यायचा कीं नाहीं? चपला कोठें काढायच्या?” आणि या प्रश्नामागें दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, तो कोणी उघड विचारीत नाहीं. “आमच्यापाशीं आहे तेवढ्या कपड्यांत आलों, तर चालेल ना?” ह्या दुसऱ्या प्रश्नाकरितांच हा लेख आहे.

आमचें संगमेश्वर शास्त्री आणि सोनवी या दोन नद्यांच्या संगमावर वसलें आहे. १६८९ सालीं छत्रपति संभाजी महाराज येथें शत्रूच्या हातीं सांपडले, म्हणून साऱ्या महाराष्ट्राला या गांवाचें नांव ठाऊक आहे. जवळच कसब्याला कर्णेश्वराचें प्राचीन देवालय आहे. येथें हिंदु आणि मुसलमान शेजाऱ्यांची वस्ती दाट, कॅथलिक घरें मोजकीं. अशा ठिकाणीं एखाद्या लेकराचें पहिलें कम्युनियन असलें, म्हणजे मे महिन्यांत मुंबईचे चाकरमानी कोंकण रेल्वेनें संगमेश्वर रोड स्टेशनावर उतरतात, देवरुख-रत्नागिरीकडून एस्. टी. नें सोयरे येतात, आणि मांडवांत जे बसतात त्यांतील बऱ्याच जणांनीं ख्रिस्तमंदिराची पायरी पूर्वीं चढलेली नसते. त्यांना योग्य उत्तर देणें हें आमचें कर्तव्य आहे. तें उत्तर मनाचें न देतां इतिहासाच्या आधारें द्यावें, असा आमचा मानस आहे.

प्रथम त्या दिवसाचाच इतिहास थोडक्यांत पाहूं. चौथ्या लॅटरन धर्मसभेनें १२१५ सालीं असा नियम केला कीं, जाणतें वय झालेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसानें वर्षांतून निदान एकदां, पास्काच्या काळीं, ख्रिस्तशरीर स्वीकारावें. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६२ सालीं स्पष्ट केलें कीं, अजाण बालकांवर तें बंधन नाहीं. परंतु जाणतें वय म्हणजे नेमकें किती, हा वाद चालूच राहिला, आणि पुष्कळ देशांत मुलांना दहा, बारा, क्वचित् चौदा वर्षांपर्यंत थांबावें लागे. पोप दहावे पायस यांनीं हा वाद मिटविला. १९०५ सालीं त्यांनीं भाविकांना वारंवार, शक्य तर दररोज, कम्युनियन घेण्यास उत्तेजन दिलें; आणि ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्रानें ठरविलें कीं, साधी भाकर आणि ख्रिस्ताचें शरीर यांतील भेद ज्याला कळूं लागला, तें सुमारें सात वर्षांचें लेंकरूं या मेजवानीला पात्र आहे. आज आमच्या अंगणांत पांढऱ्या झग्यांतील जीं चिमुकलीं मुलें दिसतात, तीं त्या आज्ञापत्रामुळें दिसतात.

या दिवसाचा समारंभ मात्र त्या आज्ञापत्राहून जुना आहे. सतराव्या शतकांत फ्रान्समधील धर्मग्रामांतून मुलांना एकत्र शिकवून एकाच दिवशीं थाटानें पहिलें कम्युनियन देण्याची चाल पडली. एकोणिसाव्या शतकांत मुलीला पांढरा पोषाख व पांढरी ओढणी, मुलाला दंडावर पांढरी फीत आणि दोघांच्या हातीं मेणबत्ती, हा रिवाज युरोपांत सर्वत्र रूढ झाला, आणि तेथून मिशनरी धर्मगुरु व भगिनी यांच्या हातानें तो आमच्या देशांत आला.

पांढराच रंग कां? याचें मूळ स्नानसंस्कारांत आहे. आद्य ख्रिस्तसभेंत पास्काच्या रात्रीं स्नानसंस्कार घेणाऱ्यांना शुभ्र वस्त्र देत आणि तें ते पुढील रविवारपर्यंत वापरीत. म्हणून त्या रविवारला शुभ्र वस्त्रांचा रविवार असें नांव पडलें. पहिल्या कम्युनियनचा झगा म्हणजे त्याच वस्त्राची आठवण होय. पण आमच्या भागांत येथें एक अडचण उभी राहते. आमच्या शेजारणींच्या वाडवडिलांच्या घरीं बाईच्या अंगावरचें कोरें पांढरें वस्त्र म्हणजे वैधव्याची खूण समजत. सात वर्षांच्या पोरीला नखशिखांत पांढऱ्या वस्त्रांत पाहून एखादी म्हातारी मनांत चरकते, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे. तिला हंसूं नये, समजावून सांगावें. वारकऱ्याचें धोतर पांढरें असतें, हज यात्रेला जाणाऱ्याचा इहराम पांढरा असतो, शारदेला कवींनीं शुभ्रवस्त्रा म्हटलें आहे. तसेंच या लेकराचें पांढरें वस्त्र शोकाचें नसून निर्मळ मनाचें आहे, एवढें सांगितलें कीं ती म्हातारीच प्रथम त्या मुलीची अलाबला घेते.

आतां पाहुण्याकडे वळूं. शुभवर्तमानांत वस्त्रांविषयीं जें आहे, तें दोन ठिकाणीं विशेष आहे, आणि वरवर पाहतां तीं दोन्ही ठिकाणें एकमेकांविरुद्ध वाटतात. संत मात्थीच्या बाविसाव्या अध्यायांतील दाखल्यांत राजा आपल्या मुलाच्या लग्नाची मेजवानी देतो, आणि लग्नाचा पोषाख न घालतां आलेल्या एका पाहुण्याला बाहेर काढवितो. उलट संत याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत विश्वासणाऱ्यांना खडसावतो कीं, सोन्याची आंगठी व झगझगीत कपडे घालून आलेल्याला तुम्ही मानाची जागा देतां आणि मळकट कपड्यांतील गरिबाला उभें ठेवतां, हा तुमचा पक्षपात होय. मग पोषाखाला महत्त्व आहे कीं नाहीं? संत ऑगस्टीन आणि महान संत ग्रेगरी या दोघांनींही याचा उलगडा केला आहे. लग्नाचा तो पोषाख म्हणजे प्रीति होय, असें ते सांगतात. जो प्रीतीवांचून आला, तो रेशमांत असला तरी उघडाच. आणि जो प्रीतीनें आला, त्याला मांजरपाटाच्या सदऱ्यांतही राजाच्या पंगतीला जागा आहे.

हें तत्त्व फार सोपें दिसतें, परंतु तें आचरणांत आणतांना आमच्याच धर्मबंधूंचा या देशांत कितीदां गोंधळ झाला आहे, हें इतिहास सांगतो. १६०५ सालीं येशूसंघीय धर्मगुरु रॉबर्ट दे नोबिली हिंदुस्थानांत आले आणि पुढल्या वर्षीं मदुरेला जाऊन त्यांनीं संन्याशाचा काषाय वेष धारण केला. ख्रिस्ती होणें म्हणजे फिरंगी होणें नव्हे, हें त्यांना दाखवावयाचें होतें. त्यांच्यावर टीकेचें मोठें वादळ उठलें. तथापि १६२३ सालीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं त्यांच्या बाजूनें निर्णय देऊन नव्या ख्रिस्ती लोकांना जानवें, शेंडी आणि गंध ठेवण्यास, त्यांतील अंधश्रद्धेचा भाग वगळून, मोकळीक दिली. त्याच काळांत आमच्या कोंकणपट्टीच्या दक्षिणेस साष्टींत फादर थॉमस स्टीफन्स यांनीं क्रिस्तपुराण मराठी ओवींत रचलें व १६१६ सालीं राशोल येथें तें छापलें गेलें. संन्याशाचें वस्त्र आणि मराठी ओवी, दोहोंच्या मागचा विचार एकच होता.

१६५९ सालीं रोमच्या धर्मप्रसार मंडळानें पूर्वेकडील देशांत जाणाऱ्या बिशपांना जी सूचना दिली, ती प्रत्येक ख्रिस्ती घरांत ठाऊक असावयास पाहिजे. धर्माला व नीतीला उघड बाधा येत नसेल तर लोकांच्या चालीरीति बदलूं नका. फ्रान्स, स्पेन किंवा इटली देश तेथें उचलून नेऊं नका, केवळ श्रद्धा न्या, असा तिचा आशय आहे. परंतु रोमला जें कळलें, तें गोव्यांतील अधिकाऱ्यांनीं मानलें नाहीं. १४ एप्रिल १७३६ रोजीं गोव्याच्या इन्क्विझिशननें एक जाहीरनामा काढला. त्यांत लग्नांतील अनेक देशी चालींबरोबर ख्रिस्ती पुरुषांनीं धोतर नेसण्यास आणि ख्रिस्ती स्त्रियांनीं हिंदु पद्धतीची चोळी घालण्यास बंदी केली होती. वाचकहो, विचार करा. चोळी पाखंडी कशी होईल? धोतराला कोणता पंथ असतो? श्रद्धेचें रक्षण करण्याच्या नांवाखालीं शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्यें कापडाची एक भिंत उभी केली गेली. ती न्यायसभा १८१२ सालीं कायमची बंद झाली. त्या भिंतीचे अवशेष मात्र लोकांच्या मनांत राहिले.

आमच्या संगमेश्वरावर फिरंगी राज्य नव्हतें, त्यामुळें तो हुकूम येथें लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. तिकडे वसईला १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला घेतला व फिरंगी सत्ता संपली. तरी तेथील ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेला चिकटून राहिले आणि त्यांच्या स्त्रियांनीं आपलें लुगडेंही टाकलें नाहीं. वसई व साष्टीकडील ज्या समाजानें १८८७ सालीं ईस्ट इंडियन हें नांव घेतलें, त्यांतील वृद्ध स्त्रिया लाल चौकटीचें लुगडें नेसून, कानांत सोनें घालून मिस्साला जात. त्यांची भक्ति त्या लुगड्यानें तिळभरही उणी झाली नाहीं. उलट गोव्याकडून आलेल्या कुटुंबांत झगा, कोट आणि पाटलोण हाच मंदिराचा पोषाख ठरून गेला. आज आमच्या सोहळ्यांत हे दोन्ही प्रवाह एकत्र येतात. एका बांकावर मुंबईच्या मावशीचा झगा, शेजारीं गांवच्या काकूंचें नऊवारी, मागें बुरख्यांतील शेजारीण. यांत कोणाचा पोषाख अधिक ख्रिस्ती, असें कोणी विचारूं लागला, तर त्याला १६५९ सालची ती सूचना वाचून दाखवावी.

डोकें झांकण्याविषयीं दोन शब्द. संत पौलाच्या उपदेशास अनुसरून १९१७ च्या धर्मविधिसंहितेंत असें कलम होतें कीं, मंदिरांत पुरुषांनीं डोकें उघडें ठेवावें आणि स्त्रियांनीं तें झांकावें व पोषाख विनयशील असावा. युरोपीय बाईला त्याकरितां टोपी किंवा जाळीचा रुमाल घ्यावा लागे. आमच्या बाईला कांहींच घ्यावें लागलें नाहीं. तिचा पदर होताच. पंचाईत झाली ती आमच्या पुरुषांची. जुन्या मराठी रीतीप्रमाणें चार लोकांत बोडक्या डोक्यानें जाणें हा असभ्यपणा, आणि येथें तर देवासमोर पागोटें उतरावयाचें! पागोटें मांडीवर घेऊन अवघडून बसलेले म्हातारे पाहुणे किती धर्मग्रामांनीं पाहिले असतील! १९८३ च्या नव्या संहितेंत तें कलम राहिलें नाहीं. आतां स्त्रीनें पदर घेतला तर तो तिच्या आदराचा भाग आहे, न घेतला तर दोष नाहीं. पादत्राणांविषयीं तर रोमनेंच २५ एप्रिल १९६९ रोजीं हिंदुस्थानच्या बिशपांना जीं बारा रूपांतरें मान्य केलीं, त्यांत पादत्राणें काढून उपासना करण्याची आपली जुनी रीत आहे. तेव्हां ज्या मंदिराच्या दाराशीं चपला दिसतील, तेथें त्या काढाव्या. दिसल्या नाहींत, तर संकोच करूं नये.

पाहुण्यांच्या पोषाखावर उपवासाच्या नियमाचाही परिणाम झालेला आहे, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. पूर्वीं कम्युनियन घेणाऱ्यानें मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यावयाचा नसे. म्हणून मिस्सा पहांटे होई, लेंकरें उपाशीं येत, आणि सोहळा म्हणजे मिस्सानंतरची सर्वांची न्याहारी. पोप बारावे पायस यांनीं १९५३ सालीं पाणी पिण्यास मोकळीक दिली, १९५७ सालीं उपवास तीन तासांवर आणला. आणि २१ नोव्हेंबर १९६४ रोजीं पोप सहावे पॉल यांनीं तो एक तासावर आणला. त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहींत तोंच, अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठीं, २ डिसेंबरला ते मुंबईस उतरले. नियम सैल झाल्यानें संध्याकाळचा मिस्सा, मग संध्याकाळची मेजवानी, आणि मेजवानीबरोबर दिव्यांच्या उजेडांत चमकणारे कपडे आले. न्याहारीच्या सोहळ्याला धुतलेलें सुती पातळ पुरत असे. रात्रीच्या मेजवानीला जर लागूं लागली. सोय झाली ती उपाशी लेकरांची, ती चांगलीच झाली. पण खर्च वाढला, हेंही खरें.

कापडाची टंचाई आमच्या वडील पिढीनें पाहिली होती. महायुद्धांत, १९४३ सालीं, सरकारला कापडावर नियंत्रण बसवावें लागलें. त्या दिवसांच्या गोष्टी आम्हीं घरांत ऐकल्या आहेत. एकच पांढरा झगा थोरलीनें घालावा, पुढें त्याची दुमड उसवून मधलीनें, आणि शेवटीं टांके घालून धाकटीनें. त्या तिघी बहिणींनीं एकाच प्रभूला स्वीकारलें, आणि तें एकाच झग्यांत. त्यांच्या आनंदाला कोठें उणेपणा आला, असें त्यांच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकलें नाहीं.

संतांच्या चरित्रांतही हेंच दिसतें. लिझ्यूची संत तेरेजा ८ मे १८८४ रोजीं, अकरा वर्षांची असतांना, पहिल्या कम्युनियनला गेली. तिचें घर सुखवस्तु, तिची आई आलांसोंची नामांकित जाळी विणणारी. लूर्दची संत बर्नादेत चौदाव्या वर्षीं, ३ जून १८५८ रोजीं गेली. तिचें घर इतकें गरीब कीं एका जुन्या तुरुंगाच्या खोलींत तें कुटुंब राहत होतें. एक जाळीच्या घरची, एक तुरुंगाच्या खोलींतली. ख्रिस्तसभेनें १९२५ सालीं एकीला आणि १९३३ सालीं दुसरीला, दोघींनाही, वेदीवर सारखीच जागा दिली.

एवढ्या इतिहासावरून पाहुण्याला काय सांगावें? आमच्या मतें एवढेंच. पोषाख धुतलेला व नीटनेटका असावा, अंग झांकणारा असावा, आणि उकाड्याच्या दिवसांत सुती असला तर उत्तम. पातळ, लुगडें, झगा, सलवार, बुरखा, धोतर, पायजमा, पाटलोण, ज्याचें जें आहे तें मंदिराला मान्य आहे. नखशिखांत पांढरा पोषाख त्या दिवशीं लेकरांसाठीं सोडावा. हा नियम नव्हे, सौजन्य आहे, जसें लग्नांत कोणी पाहुणी नवरीसारखी नटत नाहीं. दागिने बेतानें घालावे. नाकापेक्षां मोती जड झाला, तर लोक वेदीकडे न पाहतां आपल्याकडे पाहतील, आणि तो त्या बाळाचा तास आपण चोरल्यासारखें होईल. अन्य धर्माच्या पाहुण्यांनीं कम्युनियनच्या वेळीं रांगेंत न जातां आपल्या जागीं शांत बसावें. त्यांत त्यांचा अनादर नाहीं. आणि ऋण काढून सण करूं नये, मग तो पाहुण्याचा असो कीं यजमानाचा.

परंतु आमचा खरा बोल पाहुण्याला नाहीं, आम्हां यजमानांना आहे. प्रत्येक धर्मग्रामांत एक तरी अशी आई असते, जी त्या दिवशीं आजाराचें निमित्त करून घरीं राहते, कारण चार जणांत बसण्याजोगें पातळ तिच्यापाशीं नसतें. एक तरी असा बाप असतो, जो मुलाचे बूट घेण्यासाठीं सावकाराकडे जातो, किंवा मुलाला पुढल्या वर्षीं पाठवूं म्हणतो. दहाव्या पायसनीं वयाची अट काढून सात वर्षांच्या लेकरासाठीं जें दार उघडलें, तें आम्ही कपड्यानें बंद करीत असूं, तर संत याकोबाचें तें पत्र आमच्याच नांवें लिहिलें आहे, असें समजावें.

याला उपाय आहे, आणि तो इतरांनीं करून पाहिलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्यें अनेक धर्मग्रामांनीं झग्यांची चढाओढ बंद करून सर्व मुलामुलींना एकाच कापडाचा, एकाच घाटाचा साधा पांढरा झगा दिला. श्रीमंताचें आणि मजुराचें लेंकरूं कोणतें, हें मग वेदीपाशीं ओळखूं येईना. या महोत्सवाच्या निमित्तानें आमच्या धर्मग्रामानें असें एक कपाट करावें, अशी आमची नम्र सूचना आहे. मांजरपाट महाग नाहीं, शिवणारे हात आमच्या भगिनींत भरपूर आहेत. झगे धर्मग्रामाचे असावे, दर मे महिन्यांत धुऊन इस्त्री करून मुलांना द्यावे व परत घ्यावे. मुलांचे झगे सारखे झाले कीं पाहुण्यांची चढाओढही आपोआप ओसरेल, कारण लेकराहून अधिक नटण्याची लाज कोणालाही वाटतेच.

२००५ सालीं ५ जुलैला रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर या जिल्ह्यांचा मिळून सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुणें धर्मप्रांतांतून वेगळा झाला. आमच्या विखुरलेल्या घरांना त्यामुळें जवळचें छत्र मिळालें. त्या छत्राखालीं येणारा प्रत्येक जण, कॅथलिक असो वा नसो, आमच्या लेकरांच्या आनंदाचा पाहुणा आहे. पुढल्या मे महिन्यांत कोणी शेजारीण दारांतून विचारील, “काय नेसून येऊं?” तेव्हां आमच्या प्रत्येक घरांतून एकच उत्तर जावें, “बाई, अंगावर आहे तें नेसून ये, पण ये खरी.”